अश्लीलतेच्या सवयीत अडकलेले पाल्य आणि पालकांची भूमिका

कौटुंबिक मेळावा आटोपल्यावर एखादे पालक मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, “फादर, मुलाच्या मोबाइलमध्ये नको ते सापडले. आता काय करू?” आम्हा धर्मगुरूंना हा प्रश्न नवा नाही. मात्र लाजेपोटी तो फार उशिरा विचारला जातो. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती येथे देत आहोत.

कुतूहल की व्यसन?

वयात येताना लैंगिक कुतूहल जागे होणे स्वाभाविक आहे. एक-दोनदा अश्लील चित्रफीत पाहिलेल्या मुलावर ‘व्यसनी’ असा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेचे नवे रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात सक्तीच्या लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. सहा महिने वा त्याहून अधिक काळ आवेग आवरता न येणे आणि अभ्यास, आरोग्य, नातेसंबंध यांची हानी होऊनही ते वर्तन चालू राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. केवळ अपराधी वाटते एवढ्यावरून हे निदान करता येत नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे.

पहिला संवाद

मारहाण केल्याने, नातेवाइकांसमोर पाणउतारा केल्याने किंवा फोन फोडल्याने सवय सुटत नाही. ती अधिक गुप्त होते. संताप ओसरू द्यावा. मग आई किंवा वडील, ज्यांच्याशी मूल मोकळे असेल त्यांनी एकांतात बोलावे. “तुला लाज कशी वाटली नाही?” असे न म्हणता “हे पाहावेसे केव्हा वाटते?” असे विचारावे. कंटाळा, परीक्षेची धास्ती, एकटेपणा अशी कारणे पुढे येतील आणि उपायाची दिशाही तेथेच सापडेल. मुलीही या सवयीत अडकतात; बोलायला त्यांना अधिक जड जाते.

या संवादावर कधी कधी मुलाचा जीवही अवलंबून असतो. अनोळखी व्यक्ती गोड बोलून मुलांकडून नग्न छायाचित्रे मिळवतात आणि मग पैशांसाठी धमकावतात. ‘घरी कळले तर?’ या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो. आईबाबा आधी आपल्याला सावरतील, अशी खात्री असलेले मूल लवकर सांगते. ती खात्री नसलेले मूल घरात चोरी करते, प्रसंगी जिवाचे बरेवाईट करून घेते. असे घडल्यास पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत आणि १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर किंवा १०९८ या बालमदतक्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा.

घरातील शिस्त

रात्री सर्वांचे फोन, आईवडिलांचेही, बाहेरच्या खोलीत ठेवावेत. अश्लील संकेतस्थळे रोखणारी सोय मुलाला सांगून बसवावी. चोरून पाळत ठेवू नये. रिकाम्या झालेल्या वेळेत खेळ, गायनवृंद, मित्रांची सोबत यांची भर घालावी. पुन्हा घसरण झाली तर सारे फुकट गेले असे मानू नये.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २३५४ अश्लीलतेला गंभीर अपराध मानतो, कारण त्यात माणसाच्या प्रतिष्ठेला इजा पोहोचते आणि माणूस दुसऱ्याच्या सुखाची वस्तू बनतो. मात्र त्याच प्रकरणात हस्तमैथुनाविषयी लिहिताना (परिच्छेद २३५२) भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय आणि चिंता यांमुळे नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हेही नमूद केले आहे. पालकांनी शिकवणीच्या या दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

पापनिवेदनासाठी मुलाला बळजबरीने पाठवू नये आणि “फादरना काय सांगितलेस?” असेही विचारू नये. धर्मगुरूंकडेही चौकशी करू नये. पापनिवेदनातील गुपित कोणत्याही कारणास्तव उघड करण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याने त्यांना मनाई आहे.

तज्ज्ञ आणि कायदा

प्रयत्न करूनही सवय सुटत नसेल, झोप व अभ्यास बिघडला असेल, किंवा मूल जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, तर समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील चित्र जवळ बाळगणे किंवा पुढे पाठविणे हा गुन्हा आहे. ‘पॉक्सो’ कायदा (२०१२) आणि माहिती तंत्रज्ञान कायदा या बाबतीत किती कठोर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. वर्गमैत्रिणीचे असे छायाचित्र गंमत म्हणून पुढे धाडणारा मुलगाही त्यात अडकू शकतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलगा दूर असतानाच त्याला पाहिले आणि तो धावत गेला. मुलाने तयार केलेली माफीची वाक्ये पुरी होण्याआधीच त्याने उत्तम झगा मागविला. आपल्या घरीही मुलाला असाच पिता, अशीच माता भेटो, ही प्रार्थना.