गालिच्याची धूळ आणि दमेकरी सफाईवाला

केर काढताना शिंका येतात, छाती भरते, आणि "होईल सवय" असं ऐकून आपण गप्प बसतो. म्हणून आज आम्ही एका सफाईवाल्याची गोष्ट सांगणार आहोत.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी, १९०७ साली, जेम्स मरे स्पँगलर एका मोठ्या दुकानात सफाईचं काम करत. वय साठीकडे झुकलेलं, त्यात दमा. गालिचे झाडताना धूळ उडे आणि धाप लागे. त्यांनी पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा लावला, मागं उशीचा अभ्रा बांधला. धूळ उडायच्या ऐवजी अभ्र्यात जाऊ लागली! १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढं ते हूवर कुटुंबानं विकत घेतलं आणि हे यंत्र घरोघरी गेलं.

धुळीत नेमकं बाधतं काय, हे १९६४ साली हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. गालिचा, गादी, उशी यांत डोळ्यांना न दिसणारे किडे आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्यांच्या विष्ठेनं दमा उसळतो.

आपल्याकडं गालिचा नसेल, गोधडी आणि सतरंजी आहेच. ती कढत पाण्यात धुवावी, कडक उन्हात वाळवावी. झटकायची तर घराबाहेर, नाकातोंडाला पदर बांधून. फरशी ओल्या फडक्यानं पुसावी.

आणि दमा केर काढणारणीलाच असेल, तर झाडू घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यावा.