कानांनी ऐकू येत नसेल तरी संगीत शिकता येतं? शाळेतला संगीताचा तास सगळ्या मुलांसाठी कसा खुला होतो

संगीत शिकायचं तर कान तयार हवा, हात चालते हवेत आणि तासभर एका जागी बसता यायला हवं, असं धरूनच चाललं जातं. त्यामुळे शाळेत संगीताचा तास सुरू झाला की ऐकू न येणारं, व्हीलचेअर वापरणारं किंवा ऑटिझम असलेलं मूल अनेकदा वर्गाबाहेर असतं. नाहीतर मागच्या रांगेत, हातात एक खुळखुळा धरून. गॅदरिंगच्या दिवशी मात्र त्याला आवर्जून पुढे उभं केलं जातं. त्याचा व्हिडिओ व्हायरल होतो, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. त्या मुलाला वर्षभरात नेमकं काय शिकवलं, हे कुणी विचारत नाही.

खरा प्रश्न तोच आहे. त्याचं एक उत्तर स्कॉटलंडमधल्या एका शाळेत सापडतं.

एव्हलिन ग्लेनी या आज जगातल्या नामवंत तालवादकांपैकी एक आहेत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांची श्रवणशक्ती जवळपास पूर्ण गेली होती. त्यांना शाळेत तालवाद्य शिकवायला रॉन फोर्ब्स नावाचे शिक्षक होते. ते टिंपनी वाजवायचे (नगाऱ्यासारखं दिसणारं, ठरावीक सुरात लावता येणारं पाश्चात्त्य वाद्य) आणि ग्लेनी वर्गाच्या भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. सूर बदलला की कंप शरीरात कुठे जाणवतो, याचा सराव चालायचा. खालचे सूर पायांत, वरचे सूर चेहरा, मान आणि छातीत. अशा सरावातून त्या सुरांमधला फरक ओळखू लागल्या. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने त्यांना आधी नकार दिला होता. बहिऱ्या वादकाचं पुढे काय होणार, असा संस्थेपुढचा प्रश्न होता. ग्लेनी यांनी त्या नकाराला आव्हान दिलं आणि प्रवेश मिळवला. २०१५मध्ये त्यांना संगीतातला प्रतिष्ठेचा पोलार पुरस्कार मिळाला.

फोर्ब्स यांनी ग्लेनींसाठी संगीत सोपं केलं नाही. त्यांनी शिकवण्याची वाट बदलली.

समावेशित शिक्षण म्हणजे काय?

सरकारी भाषेत याला 'समावेशित शिक्षण' म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात त्याची व्याख्या आहे. दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकायचं आणि शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदलायची, असा तिचा अर्थ. यातला दुसरा भाग बहुतेक वेळा विसरला जातो. मुलाला वर्गात बसवलं की समावेश झाला, असं समजतात.

संगीताच्या बाबतीत आणखी एक गोंधळ असतो, तो म्हणजे 'म्युझिक थेरपी'चा. थेरपीत संगीत हे साधन असतं. मूल शांत व्हावं, बोलतं व्हावं, हाताची हालचाल सुधारावी, हा तिचा हेतू. त्याचा अनेकांना उपयोग होतो आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसं असतात. पण संगीताचं शिक्षण वेगळं. तिथे मुलाला ताल कळला का, सूर लागला का, मागच्या महिन्यापेक्षा पुढे गेलं का, हे बघायचं असतं. इतर मुलांना भूप शिकवायचा आणि दिव्यांग मुलाला मात्र 'बरं वाटावं' म्हणून गाणी ऐकवायची, यात काळजी असेल, पण शिक्षण नाही.

एकाच तालात चार कामं

वर्गात नेमकं काय बदलायचं? सगळ्यात सोपं उदाहरण तीनतालाचं. सोळा मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्या मुलाला सोळा मात्रांचा हिशेब एकदम पेलणार नाही. पण फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, डग्ग्यावर एक थाप देणं जमू शकतं. दुसरं मूल टाळी-खाली दाखवेल, तिसरं ठेक्याचे बोल म्हणेल, चौथं तबल्यावर ठेका वाजवेल. ताल एकच, सगळे त्यातच. शिवाय सम चुकली तर सगळ्यांनाच कळतं. म्हणजे समेवर थाप देणाऱ्या मुलाचं काम शोभेचं नाही, सगळ्या वर्गाची भिस्त त्याच्यावर असते. काही आठवड्यांनी त्याच मुलाला खालीची खूण करायला द्यायची. पुढे जायचं ते असं.

सुरांसाठी पेटीची एक गंमत कामी येते. काळी तीनला 'सा' धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या, तर सा रे ग प ध हे भूपाचे पाच सूर मिळतात. काळी चार रे, काळी पाच ग, मग वरच्या सप्तकातली काळी एक प आणि काळी दोन ध. पांढऱ्या पट्टीला हात लागला नाही तर बाहेरचा सूर लागतच नाही. (एवढ्याने भूप राग झाला असं नाही, हे गाणाऱ्यांना सांगायला नको. पण सुरुवात होते.) जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत हीच युक्ती वेगळ्या रीतीने वापरतात. तिथे लहान मुलांच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतात; नको असलेले सूर शिक्षक आधीच काढून ठेवतात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या, असं दोन्ही जमेलच असं नाही. भाता शेजारच्या मुलाने मारायचा किंवा साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यायचा. काठी हातात धरता येत नसेल तर तिला कापड गुंडाळून जाड करायची. बसण्याचा मुद्दा तर कुणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे संगीत म्हणजे जमिनीवर बैठक. व्हीलचेअरवरचं मूल त्या बैठकीत एकटंच उंचावर, बाजूला पडतं. सगळ्यांनी खुर्च्यांवर बसायचं आणि तबला टेबलावर ठेवायचा, एवढंच करायचं असतं. त्याला खर्च नाही, पण परंपरा मोडल्यासारखं वाटतं म्हणून ते होत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर?

हल्ली अनेक कर्णबधिर मुलांना लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. त्यानंतर मुलाला 'सगळं नॉर्मल ऐकू येतं' असा समज होतो आणि शिक्षक तिथेच फसतात. निरोगी कानात आवाज मेंदूकडे पोहोचवणाऱ्या साधारण ३,५०० आतल्या केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. बोलणं समजायला तेवढं बऱ्याच अंशी पुरतं, सुरांना पुरत नाही. अशा मुलांना लय जवळपास इतरांसारखीच कळते, पण जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखणं अवघड जातं.

म्हणून अशा मुलाची सुरुवात तालाने करावी. चाल शिकवताना एका वेळी एकच वाद्य वाजवावं आणि सूर वर चढतोय की खाली उतरतोय, हे हाताने दाखवावं. पाश्चात्त्य शिक्षणात प्रत्येक सुराला हाताची वेगळी खूण असते. इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती रूढ केली आणि हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीमुळे ती जगभर गेली. सरगमसाठीही त्या खुणा वापरता येतात.

ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण बरोबर उलटी असू शकते. त्यांना ऐकू कमी नाही, जास्तच येतं. चाळीस मुलं, दोन पेट्या आणि झांजा एकदम सुरू झाल्या की काहींना तो आवाज अक्षरशः सहन होत नाही. आवाज कमी करणारे हेडफोन, आज काय-काय होणार हे चित्रांत दाखवणारा तक्ता आणि नको वाटलं तर बाहेर जाऊन परत येण्याची मुभा, यांनी बरंच साधतं. एखादा सुटा सूर ऐकून तो नेमका कोणता हे सांगण्याची क्षमता ऑटिझम असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणून प्रत्येक मुलाकडून चमत्काराची अपेक्षा धरायची असं नव्हे. सिनेमांनी तो समज फार पसरवला आहे.

दृष्टिहीनांना आपल्याकडे जागा होती, पण…

भारतीय संगीत गुरुमुखातून शिकायची विद्या. कागद मधे नसल्यामुळे दृष्टिहीनांना तिथे पूर्वीपासून वाव मिळाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली, शाळेचं शिक्षण थांबलं आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. १९०१मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. शाळेसारखे वर्ग आणि अभ्यासक्रम लावून संगीत शिकवण्याच्या पद्धतीला त्यातून मोठा जोर मिळाला.

कर्नाटकात गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम हे याहून ठळक उदाहरण. पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई या दोन दृष्टिहीन गुरूंनी तिथे असंख्य अंध मुलांना संगीत शिकवलं. पण विद्यार्थी फक्त अंध नव्हते. बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवयांचे शिष्य. महाराष्ट्रातल्या रसिकांना चांगले माहीत असलेले पंडित व्यंकटेश कुमार पुट्टराज गवयांकडे आश्रमात राहून शिकले. डोळस आणि अंध मुलं एकाच गुरूपुढे बसत होती, तेही समावेशित शिक्षण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी.

संगीत वर्गात आणि परीक्षेत आलं, तसा कागदही आला. भातखंडे लिपीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर-खाली टिंब असतं. ब्रेल एका ओळीत सरळ पुढे जाते, तिच्यात अक्षराच्या वर-खाली खूण करता येत नाही. त्या खुणा वेगळी चिन्हं म्हणून ओळीतच लिहाव्या लागतात. त्यात बोटांनी वाचायचं तर वाजवायला हात मोकळे राहत नाहीत, म्हणून आधी पाठ करणं भागच. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होते आणि १८२९च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकातच संगीत लिहिण्याची सोय होती. शिक्षकाने बंदिश फोनवर सावकाश रेकॉर्ड करून दिली तरी अर्धं काम होतं.

वेगवेगळ्या अडचणी असलेली मुलं एकत्र आली तर काय होतं, हे व्हेनेझुएलात दिसतं. तिथल्या 'एल सिस्तेमा' या संगीतशिक्षणाच्या चळवळीतून बार्किसिमेतो शहरात 'पांढऱ्या हातांचा' गायकवृंद तयार झाला. एक गट गातो. दुसऱ्या गटातली कर्णबधिर मुलं पांढरे हातमोजे घालून तेच गाणं हातांच्या हालचालींनी सादर करतात. २०१३मध्ये हा वृंद ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग महोत्सवात गेला होता.

कायदा काय म्हणतो, घोडं कुठे अडतं?

२०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. त्याच्या २९व्या कलमात कला आणि सांस्कृतिक विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांग व्यक्तींना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत, असं थेट लिहिलं आहे. अडचण त्याच्या आधीच सुरू होते: शाळेत शिकवणारा कोण? शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तरच कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक लागतो. त्यापेक्षा लहान शाळेत संगीत म्हणजे ज्या बाईंना किंवा सरांना गाता येतं त्यांची हौस. विशेष शिक्षक मिळालाच तर त्याचा वेळ बहुधा वाचन आणि गणितात जातो.

महाराष्ट्रात यात गुणांचाही प्रश्न आहे. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. ज्या मुलाला संगीताच्या तासातून सूट दिली, त्याच्यासाठी तो रस्ता तिथेच बंद होतो. ही 'सूट' मुलाच्या सोयीची की शाळेच्या, हे पालकांनी विचारायला हरकत नाही. दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि शाळेतल्या सुविधा यांसाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात एक समन्वय अधिकारी नेमणं २०१७च्या नियमांनी बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.