पांढरी, काळी आणि बेचिराग : परभणीकडची गावे कशी वसली?

१) परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघाल्यावर पिंगळी हे स्थानक लागते. या परिसरातील गावे युगानुयुगे एकाच जागी निश्चल उभी आहेत, असा समज सहज होतो. जुन्या महसुली व्यवस्थेतील शब्द मात्र निराळी कथा सांगतात.

२) त्या व्यवस्थेत पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. मातीची घरे पडत, त्याच ठिकाणी नवी उभी राहत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पांढरीचा उंचवटा वाढत जाई.

३) दुष्काळ, लढाई किंवा जुलमी वसुली यांमुळे रयत परागंदा झाली की गाव ‘बेचिराग’ ठरे, म्हणजे जेथे दिवाही लागत नाही असे. आजचा ‘बेचिराख’ हा त्याचाच बदललेला उच्चार. काळी तेथेच राही. पण कसणारा नसल्याने सारा बुडे.

४) म्हणून सत्ताधीश रयतेस ‘कौल’, म्हणजे अभयाचे लेखी आश्वासन, देत. त्यात अनेकदा ‘इस्तावा’ असे : आरंभी अल्प सारा, दरसाल थोडी वाढ आणि मुदतीअंती पूर्ण आकारणी. अमेरिकेनेही १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ केले. तेथे मूळ रहिवाशांना हटवून मिळवलेली जमीन वाटली गेली. येथे उजाड गावांत माणसे परत बोलावली जात.

५) निजामाच्या राज्यात वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराची दृष्टी चालू हंगामापुरती. रयत टिकली काय, उठून गेली काय, त्याला फिकीर नसे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी सुरू करून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे सोपवली.

६) १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग खुला झाला. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचाच तो काळ. या मार्गाने येथील कापूस मनमाडमार्गे मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला.

७) सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा झाला. कौल राज्यकर्त्याच्या मर्जीवर टिके. कुळाच्या हक्कास आता कायद्याचा आधार मिळाला.

८) महसुली याद्यांत आजही काही गावांपुढे ‘ओसाड’ वा ‘बेचिराग’ असा शेरा आढळतो. शिवार आहे, नाव आहे. पांढरीवर मात्र कोणी नाही.