व्ही.पी. ते ओटीपी : विश्वास नेमका कुणावर?

'भारतीय ग्राहकाचा ऑनलाइन खरेदीवर विश्वास नव्हता, म्हणून तो कॅश ऑन डिलिव्हरी निवडायचा.' माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यातलं हे वाक्य. मार्गदर्शकांनी खाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : 'विश्वास कुणावर?'

उत्तरासाठी बरंच मागे जावं लागलं. न पाहिलेल्या दुकानदाराकडून वस्तू मागवणं इंटरनेटच्या आधीपासून चालत आलंय. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू केली. पोस्टमन पार्सल दारात आणायचा, पैसे घ्यायचा आणि टपाल खातं ते विक्रेत्याकडे पोहोचवायचं. मराठी प्रकाशकांची पुस्तकंही अशीच गावोगाव गेली. गिऱ्हाईक विक्रेत्याला ओळखत नसे, पोस्टमनला मात्र ओळखत असे. पण पार्सल उघडायचं ते पैसे दिल्यावरच. म्हणजे पैसे बुडण्याची भीती गेली, माल खराब निघण्याची राहिली.

आता अलीकडचा क्रम बघा. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकू लागलं. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली; पुढे आपल्या अंगवळणी पडलेला ओटीपी हा त्याचाच एक प्रकार. तरीही २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि ती चालली. सुरक्षेचा नियम होता, मग रोख का? अविश्वास हे एक कारण. पण अनेकांकडे कार्डच नव्हतं, हेही कारण असू शकतं! माझ्या वाक्याने ते आधीच गिळून टाकलं होतं.

शिवाय रोख देणाऱ्याचा कार्ड नंबर वाचतो. नाव, पत्ता, मोबाइल नंबर कंपनीकडे जातातच. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डचे तपशील साठवायला बंदी झाली, त्याजागी टोकन आलं. तोही नियम कार्डापुरताच. आपण काय काय विकत घेतलं याची यादी त्यात येत नाही. सुरक्षितता आणि खासगीपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते असे.

म्हणून प्रश्नावली करताना 'तुमचा विश्वास आहे का?' एवढंच विचारू नका. पैशांबद्दल, मालाबद्दल आणि माहितीबद्दल वेगवेगळं विचारा. आणि व्ही.पी.पासून कॅश ऑन डिलिव्हरीपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोहही टाळा. साम्य दिसलं म्हणजे वारसा सिद्ध झाला असं होत नाही. त्याला पुरावा लागतो.

माझं ते वाक्य मी खोडलं. पेन्सिलचे दोन शब्द तसेच ठेवलेत.