बांध कुणाचा? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधला एक चुकलेला अंदाज

इअरफोन लावलेत ना? आजची गोष्ट आहे एका चुकलेल्या अंदाजाची. आणि त्या अंदाजावर खऱ्या माणसांचे दिवस अवलंबून होते.

सुरुवात करूया १८८९ साली, लंडनपासून. स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर ठरावीक अवयवांतच का रुजतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत दिलं: बी चहूकडे उडतं, पण उगवतं ते मानवेल त्या मातीतच. पुढची कित्येक दशकं मात्र अभ्यास झाला तो मुख्यतः बियाचा. माती राहिली बाजूला.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ही माती फारच जास्त असते. स्वादुपिंड म्हणजे जठरामागची ग्रंथी. पाचकरस आणि इन्सुलिन बनवणारी. तिथली गाठ टणक असते, कारण तिचा मोठा भाग कॅन्सरच्या पेशींचा नसतोच! तो असतो आधार देणाऱ्या पेशींचा आणि त्यांनी विणलेल्या तंतूंचा.

हे तंतू विणतं कोण? १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी आणि जर्मनीतल्या उल्म इथल्या दोन गटांनी स्वादुपिंडातल्या ‘स्टेलेट’, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. एरवी या पेशी अ जीवनसत्त्व साठवून निवांत बसलेल्या असतात. इजा झाली की जाग्या होतात आणि जखम बुजवायला कोलॅजन बनवतात. कॅन्सरही त्यांना असाच जागं करतो. फरक एवढाच, की मग त्यांचं काम थांबतच नाही.

आता २००९. इंग्लंडमधल्या केंब्रिजला डेव्हिड ट्युव्हसन यांच्या गटाला दिसलं, की उंदरांच्या या गाठीत रक्तवाहिन्या कमी आहेत, त्यामुळे केमोचं औषध आत पोचतच नाही. त्यांनी आधारपेशींना मिळणारा ‘हेजहॉग’ नावाचा संदेश बंद केला. तंतूंचा बांध सैल झाला, औषध आत शिरलं, उंदीर दुपटीहून जास्त दिवस जगले. सगळीकडे आशा पसरली: बांध फोडा, कॅन्सर मरेल!

मग हाच प्रयोग माणसांवर झाला. आणि २०१२च्या जानेवारीत अमेरिकेतली चाचणी थांबवावी लागली. नवं औषध मिळालेल्या रुग्णांची अवस्था नुसत्या केमोवाल्यांपेक्षा वाईट होती.

असं का झालं? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांमध्ये या आधारपेशी कमी करून बघितल्या. गाठी आणखी आक्रमक झाल्या, उंदीर लवकर मेले. म्हणजे बघा, शेताचा बांध बाहेरचं पाणी अडवतो, तसाच आतली मातीही धरून ठेवतो. हा बांध औषध अडवत होता हे खरं, पण कॅन्सरलाही आवरून धरत होता.

मग या पेशी मित्र की शत्रू? २०१७ मध्ये ट्युव्हसन यांच्याच गटानं, आता अमेरिकेत, दाखवलं की त्या एकाच जातीच्या नाहीत. काही कॅन्सरला चिकटून तंतू विणतात, तर काही लांब राहून सूज वाढवणारी रसायनं सोडतात. शिवाय परिस्थिती बदलली की त्या आपलं रूपही बदलतात. म्हणून आता प्रश्न ‘यांना मारायचं कसं’ एवढाच उरलेला नाही. ‘यांना पुन्हा शांत कसं करायचं’ हाही आहे.

चाचणीत भाग घेतलेल्या त्या रुग्णांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण उंदरांतलं यश माणसात तसंच्या तसं उतरत नाही, हा धडा त्यांच्यामुळे मिळाला. पुढच्या वेळी ‘कॅन्सरवर रामबाण सापडला!’ असा फॉरवर्ड आला, तर एकच प्रश्न विचारा: उंदरात की माणसात?

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!