यंत्राची साक्ष

२०२० सालचा ऑक्टोबर महिना वऱ्हाडातल्या शिक्षकांच्या लक्षात असेल. करोनाची साथ चालू होती. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला दिला होता आणि विद्यापीठांना घाईघाईने ऑनलाइन परीक्षेची तयारी करावी लागली. अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा तांत्रिक अडचणींपायी पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या परीक्षा कुठे ना कुठे पार पडल्या, त्यांतल्या काहींत पर्यवेक्षकाचे काम संगणकाच्या आज्ञावलीकडे, म्हणजे सॉफ्टवेअरकडे, सोपवलेले होते. विद्यार्थ्याच्या मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवायचा, त्याचा चेहरा आणि नजर टिपायची आणि काही वावगे वाटले की खूण करायची, एवढे तिचे काम.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने आम्हांला चौकशी समितीवर बाहेरचे सदस्य म्हणून बोलावले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. खेड्यातून परीक्षा दिलेली. आज्ञावलीच्या अहवालात ‘खोलीत दुसरी व्यक्ती’ अशी अकरा वेळा नोंद होती आणि ‘नजर पडद्याबाहेर’ अशी तर कितीतरी वेळा. निकाल रोखलेला. समितीपुढे पुरावा म्हणून त्या अहवालाचे एक पान होते, बाकी काही नव्हते. एक सदस्य म्हणाले, ‘‘यंत्र कशाला खोटे बोलेल?’’ हा प्रश्न आम्हांला त्या दिवसापासून सोडून गेलेला नाही.

परीक्षेतल्या आरोपाचे काय करायचे, हा प्रश्न यंत्रापेक्षा जुना आहे आणि त्याचे निम्मे उत्तर आपल्या न्यायालयांनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९५४ साली उत्तर प्रदेशच्या बोर्डाने इंटरमीजिएट उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या कारणावरून रद्द केले आणि पुढल्या वर्षीच्या परीक्षेलाही त्यांना बसू दिले नाही. हे करताना त्यांना काहीच विचारले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ मध्ये घनश्यामदास गुप्ता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, परीक्षा समिती अशा वेळी न्यायाधीशासारखेच काम करीत असते. तिच्या निर्णयाने विद्यार्थ्याचे आयुष्य बिघडू शकते, म्हणून त्याला आपली बाजू मांडू दिलीच पाहिजे. कॉपी केसमध्ये आज आपण विद्यार्थ्याला नोटीस देतो, त्याचा जबाब घेतो, त्यामागे हा निकाल आहे. कायद्यात शब्दशः लिहिलेले नसले, तरी हे करावे लागते.

पण लगेच दुसरी बाजूही पाहू. १९६९ साली बिहारमध्ये हंसवाडीह नावाच्या एका केंद्रावर उत्तीर्णांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत गेले. इतरत्र ते सरासरी पन्नासच्या आसपास होते. बोर्डाने त्या केंद्राची सगळी परीक्षाच रद्द केली. तक्रार अशी होती की, आम्हांला विचारले नाही. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने बोर्डाचे म्हणणे उचलून धरले. (हिदायतुल्ला आपल्याला परके नव्हेत. अमरावती-अकोला ज्या नागपूर उच्च न्यायालयाखाली येत असे, त्याचे ते १९५४ ते १९५६ या काळात मुख्य न्यायाधीश होते.) त्यांची मांडणी आम्हांला शास्त्रज्ञ म्हणून फार मोलाची वाटते. आकडे पाहून एवढे कळले की, या केंद्रावर काहीतरी बिघडले आहे. म्हणून परीक्षा रद्द करून पुन्हा घ्या. कोणा एकाला चोर ठरवलेले नाही, तेव्हा एकेकाला बोलावून विचारण्याची गरज नाही. एकेकावर ठपका ठेवायचा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आकडे समूहाविषयी शंका उत्पन्न करतात. त्या समूहातल्या अमुक एका माणसाने गुन्हा केला, हे त्यांच्यावरून सिद्ध होत नाही.

तिसरा खटला आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या विरुद्ध गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मार्च १९९० च्या शालान्त परीक्षेत मुंबई विभागात नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड झाल्याचे आढळले. हे गुण पुढे संगणकात भरले जात. दोनशेहून अधिक परीक्षार्थींचे निकाल अडकले. मंडळाने चौकशी करून त्यांची परीक्षा रद्द केली, मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय फिरवला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. खाडाखोड कोणी केली हे कळले नव्हते, पण फायदा ज्याचा झाला त्याचा संबंध असणार, असे अनुमान न्यायालयाने मान्य केले. आम्हांला हे अनुमान जरा ताणलेले वाटते. पण त्या मुलांना नोटिसा मिळाल्या होत्या, खाडाखोड झालेले कागद पाहायला मिळाले होते आणि लेखी उत्तर देता आले होते. कागदावर खाडाखोड आहे, हे डोळ्यांना दिसत होते. त्या अकोल्याच्या मुलीला काय दाखवण्यासारखे होते? एक छापील पान.

आता ‘यंत्र कशाला खोटे बोलेल’ याकडे वळू. यंत्र खोटे बोलत नाही, चुकते. आणि किती चुकते त्यापेक्षाही कोणत्या गर्दीत चुकते, याला महत्त्व आहे. समजा, हजार विद्यार्थी परीक्षेला बसले आणि त्यांतले वीस कॉपी करीत आहेत. आज्ञावली चांगली आहे, कॉपी करणाऱ्यांपैकी नव्वद टक्के पकडते. म्हणजे अठरा सापडले. न करणाऱ्यांपैकी फक्त पाच टक्क्यांवर ती चुकून बोट ठेवते. ९८० चे पाच टक्के म्हणजे ४९. एकूण ६७ नावे समितीपुढे आली आणि त्यांतली ४९ निरपराध! हे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण कोणी प्रत्यक्ष आकडे आणून दिले, तरी हिशेब याच रीतीने करावा लागेल. त्याचे मूळ टॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, प्रकाशात आला. वर्गात करायचे असेल तर तुरीच्या वीस दाण्यांत ज्वारीचे ९८० दाणे मिसळून हा हिशेब मांडता येतो. आठवीच्या मुलांनाही तो समजतो.

शिवाय चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन आज्ञावल्या तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याहूनही कमी होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. एका दिव्याच्या उजेडात, साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसलेल्या धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाचे अशा यंत्रापुढे काय होत असेल, याची कल्पना करावी.

हे फक्त आपल्याकडचे रडगाणे नाही. अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय विद्यालयाने २०२१ साली सतरा विद्यार्थ्यांवर आरोप ठेवला की, परीक्षा चालू असताना त्यांनी कॅनव्हास या अभ्यास-प्रणालीतली टिपणे उघडली. आधार होता संगणकातल्या नोंदींचा. विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या तंत्रज्ञांनी दाखवून दिले की, दुसऱ्या खोलीत ठेवलेला फोन किंवा टॅब चालू राहिला, तर तो माणसाचा हात न लागताही अशी नोंद करतो. काहींना तोवर शिक्षा सुनावूनही झाली होती. जूनमध्ये सगळे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली.

आता नवे प्रकरण सुरू झाले आहे ते ‘हे लेखन यंत्राने केले आहे’ असे सांगणाऱ्या यंत्रांचे. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात आज्ञावल्यांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध दिले. सरासरीने साठ टक्क्यांहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले, कारण शब्दसंग्रह बेताचा आणि वाक्ये साधी. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रकल्प लिहिणारी आपली मुले अशीच लिहितात, आणि आपणच त्यांना तसे लिहायला शिकवलेले असते. २०२४ मध्ये हरियाणातल्या जिंदाल विद्यापीठात कायद्याच्या एका विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका ८८ टक्के यंत्रनिर्मित असल्याचे सांगून अनुत्तीर्ण केले गेले. तो उच्च न्यायालयात गेला, तेव्हा विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. प्रत्येकाच्या मुलाला उच्च न्यायालय परवडत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात त्याच्या बाजूने बोलायला असतो तो त्याचा शिक्षक.

त्या मुलीच्या बाबतीतही तसेच झाले. तिच्या रसायनशास्त्राच्या सरांनी आग्रह धरला की, अहवाल नको, मूळ चित्रफीत दाखवा. कंपनीकडून ती यायला सात आठवडे लागले. समितीने मुलीला समोर बसवून ती पाहिली. मागच्या भिंतीवर तिच्या आजोबांचा हार घातलेला फोटो होता. वीज कमीजास्त होई, दिवा उजळला की फोटोतला चेहरा स्पष्ट दिसे, आणि तीच ‘दुसरी व्यक्ती’. अकराच्या अकरा वेळा. मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि तो घसरला की ती खाली पाही. कच्ची आकडेमोडही ती मांडीवरच्या वहीत करीत होती, आणि तशी परवानगी परीक्षेच्या सूचनांतच होती. ‘यंत्र कशाला खोटे बोलेल’ म्हणणारे सदस्य बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच निकाल सोडण्याचा ठराव लिहिला. आम्ही त्यात एक वाक्य घालायला लावले: यापुढे मूळ चित्रफीत पाहिल्याशिवाय आणि विद्यार्थ्याला ती दाखवल्याशिवाय कोणाचाही निकाल रोखू नये.

निकाल लागला तेव्हा एम.एस्सी.चे प्रवेश संपलेले होते. तिने पुढल्या वर्षी अमरावतीला प्रवेश घेतला.