कलम १६ मधला गावचा सावकार

व्यवसाय कायदा हा विषय घेतलेल्या कुणालाही विचारा, करार म्हणजे काय? उत्तर पाठच असतं. कायद्याने अंमलात आणता येतो तो ठराव म्हणजे करार. पुढे कलम १० येतं : पक्ष सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, प्रतिफल आणि हेतू कायदेशीर हवेत. मग कलम १४ : जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, गैरसमज पसरवणारं कथन किंवा चूक, यांपैकी कशानेही संमती मिळवलेली नसेल तर ती मुक्त. परीक्षेसाठी एवढं पुरतं. संशोधनासाठी मात्र इथून सुरुवात होते. ती कशी, हे आज एकाच कलमाच्या आधारे पाहू.

भारतीय करार कायद्याचं कलम १६ उघडा. विषय आहे अनुचित प्रभाव. कलमाखाली चार उदाहरणं दिली आहेत, त्यातलं तिसरं नीट वाचा. 'अ' हा आपल्या गावच्या सावकाराचा, म्हणजे 'ब'चा, आधीच कर्जदार आहे. तो 'ब'कडून नवं कर्ज घेतो आणि त्याच्या अटी सकृद्दर्शनी अन्यायकारक आहेत. अशा वेळी अनुचित प्रभाव वापरला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी 'ब'वर, म्हणजे सावकारावर. आता लगेच चौथं उदाहरण वाचा. बाजारात पैशाची टंचाई असताना 'अ' बँकरकडे कर्ज मागतो. बँकर नेहमीपेक्षा खूप जास्त व्याज सांगतो, 'अ' ते मान्य करतो. इथे अनुचित प्रभाव नाही, हा रोजचा व्यवहार झाला.

दोन्हीकडे गरजू माणूस आहे आणि व्याज जड आहे. तरी कायदा एका ठिकाणी सावकाराला पुरावा मागतो आणि दुसऱ्या ठिकाणी बँकरला मोकळं सोडतो. असं का? आणि इंग्लंडच्या करार कायद्याच्या धर्तीवर घडलेल्या या कायद्यात 'गावचा सावकार' आला कुठून?

१८७२ च्या मसुद्यात तो नव्हता

या कायद्याचा पहिला मसुदा लंडनमध्ये बसलेल्या तिसऱ्या विधी आयोगाने १८६६ साली तयार केला. इथे आल्यावर त्यावर बराच वाद झाला, आणि शेवटी कायदेमंडळाचे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत १८७२ साली तो मंजूर झाला. १ सप्टेंबर १८७२ पासून तो लागू झाला. स्टीफन यांनीच तयार केलेला पुरावा कायदाही त्याच दिवशी अंमलात आला. ही तारीख लक्षात ठेवा.

त्या मूळ कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची कल्पना अरुंद होती. विश्वासाच्या नात्याचा किंवा अधिकाराचा गैरफायदा घेणं, म्हातारपण, आजार किंवा क्लेशाने दुबळ्या झालेल्या माणसाकडून संमती काढून घेणं, असा तिचा साधारण आवाका. कर्जात बुडालेला पण धडधाकट, शहाणा शेतकरी तिच्यात सहज बसत नव्हता. आज तुम्ही वाचता ते कलम १८९९ च्या दुरुस्तीतून आलं आहे. मधल्या २७ वर्षांत काय घडलं, हा आपला प्रश्न.

खत नवं, कर्ज जुनंच

त्यासाठी पुणे-अहमदनगरच्या कोरडवाहू गावांत जावं लागतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गावोगाव कर्जही सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने नव्या पाहणीनंतर शेतसारा वाढवला. सारा रोखीने आणि मुदतीत भरायचा, म्हणजे पुन्हा सावकाराचंच दार.

आता कायद्याचा धागा पकडा. १८५९ च्या मुदत कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावणं भाग होतं. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. प्रत्यक्षात उलटं झालं. तीन वर्षं संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेऊ लागला.

आकडे मांडून बघा. समजा १०० रुपये, व्याज वर्षाला २४ टक्के, सरळव्याज. तीन वर्षांनी १७२ रुपये. आता १७२ चं नवं खत. सहाव्या वर्षाच्या शेवटी जवळपास २९६, त्याचं तिसरं खत. नवव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ५०९. एकच खत नऊ वर्षं चाललं असतं तर रक्कम ३१६ झाली असती. आणि आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, मूळ शंभरालाच लावला असता तर २०० वर थांबावं लागलं असतं. नियम रद्द झाला नव्हता. पण प्रत्येक नव्या खतात मुद्दलच नवं, मग दामदुप्पट मोजायची कशाची?

तरीही प्रत्येक खत स्वतंत्रपणे घेतलं तर बिनचूक करार होता. पक्ष सज्ञान, अंगठा किंवा निशाणी आहे, रक्कम लिहिलेली आहे. दाव्याच्या दिवशी शेतकरी बहुतेक वेळा कोर्टात हजरच नसे, निकाल एकतर्फी लागे. हजर राहिला तरी लेखी दस्तापुढे तोंडी हकिकतीला फार वजन नव्हतं. कोर्टापुढे शेवटचा कागद होता. त्यामागची नऊ वर्षं कोर्टापुढे नव्हती.

जाळले ते कागद

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पोचलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. लोकांचा रोख मुख्यतः खतं आणि हिशोबाच्या वह्यांवर होता. कागद हाती लागला की जाळायचा. कुणाला मारण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. करार कायदा लागू होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, म्हणून दंग्याचं खापर त्या कायद्यावर फोडता येत नाही. दंगेखोरांनी मात्र नेमकं ओळखलं होतं की कोर्टात सावकाराचं बळ कागदात आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्याच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातलं कलम १२ करार कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवं. शेतकऱ्याविरुद्ध दावा आला तर कोर्टाने व्यवहाराच्या सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा, मधे नवी खतं झाली असली तरी. शिवाय खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं, फेडीची पावती द्यायची, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. थोडक्यात, कोर्टाला कागदाच्या मागे बघायची परवानगी मिळाली.

पण चार जिल्ह्यांपुरतीच. बाकी देशात करार कायदा होता तसाच राहिला. शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि जमिनी हातून जाण्याचा प्रश्न दख्खनइतकाच पंजाबातही पेटला होता. १८९९ ची दुरुस्ती या पार्श्वभूमीवर आली. कलम १६ मध्ये 'दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याची स्थिती' ही व्यापक कसोटी आली, व्यवहार सकृद्दर्शनी अन्यायकारक असेल तर पुराव्याचा भार वर्चस्व असलेल्या पक्षावर गेला, आणि उदाहरणांत गावचा सावकार येऊन बसला. त्याच्या शेजारी बँकरही आला, म्हणजे शहरातल्या बाजाराला धक्का लागू नये. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून वाचलीत तर कायदा कुठे रेघ ओढतो ते दिसतं. नुसत्या जड व्याजाने करार मोडत नाही. समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक होती का, हे बघावं लागतं. जुन्या कर्जदाराला गावात दुसरं दार नाही. बँकरकडे आलेला 'अ' दुसऱ्या पेढीवर जाऊ शकतो, निदान कायदा तसं गृहीत धरतो.

इथे सावध राहा

एक, दुरुस्ती दंग्यांनंतर झाली म्हणजे दंग्यांमुळे झाली, असं प्रबंधात लिहू नका. मधले दुवे दाखवावे लागतील : विधेयकाच्या उद्देशांचं निवेदन, कायदेमंडळातली चर्चा, प्रांतांची मतं.

दोन, आयोगाचा अहवाल हा मोठा खजिना आहे, पण तो सरकारचा आहे. वाढीव शेतसारा हे दंग्याचं कारण होतं का, हा प्रश्न सरकारला अडचणीचा होता. दोष सावकारावर आणि कोर्टावर ढकलणं सोपं होतं. तुम्हीही सगळं खापर खतावर फोडलंत तर नकळत सरकारचीच बाजू मांडाल. म्हणून त्याच काळातला मराठी आवाज शेजारी ठेवा. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' सावकाराबरोबर सारा, कचेरी आणि कोर्ट यांनाही जाब विचारतो.

तीन, दंगे खरंच किती मोठे होते यावर इतिहासकारांचं एकमत नाही. रविंदर कुमार यांनी त्यांत ग्रामीण समाजातली खोल उलथापालथ पाहिली, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या लेखात दंग्यांचं महत्त्व फुगवलं गेल्याचा मुद्दा मांडला. दोघांना समोरासमोर वाचा, तुमची जागा आपोआप सापडेल.

तुमच्या प्रस्तावासाठी

पाठ्यपुस्तकातलं कलम हा कायद्याचा शेवटचा कागद आहे, नवव्या वर्षीच्या खतासारखा. त्याच्या मागची खतं शोधणं हे आपलं काम. कुठलंही एक कलम निवडा. मूळ पाठ आणि आजचा पाठ दोन रकान्यांत लिहा. फरक दिसला की तारीख बघा, आणि त्या तारखेच्या आधीची पंचवीस वर्षं चाळा. 'अनुचित प्रभाव : एक अभ्यास' या शीर्षकापेक्षा 'कलम १६ च्या उदाहरणात सावकार आणि बँकर वेगळे का?' हा प्रश्न कितीतरी जास्त काम देईल.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. १९८६ साली ब्रोजो नाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातली एकतर्फी अट रद्द ठरवली, तेव्हा दोन पक्षांच्या विषम ताकदीचाच विचार केला होता. उद्या मोबाइलवर 'मला मान्य आहे' दाबून कर्ज घेणारा माणूस कोर्टात उभा राहिला, तर त्याला कुठल्या उदाहरणात बसवायचं, तिसऱ्या की चौथ्या? उत्तर लिहायच्या आधी त्याची जुनी खतं मागून घ्या.